कासवाला बल्ब कशाला?

मराठीत एक मोठी गैरसोय आहे. इंग्रजीत जमिनीवरच्या कासवाला टॉरटॉईज म्हणतात आणि पाण्यातल्याला टर्टल. आपल्याकडे दोघंही कासवच. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे सशाबरोबर शर्यत लावणारा तो टॉरटॉईज, हे पहिलीपासून पाठ होतं. पण अक्कलकोटला आत्याच्या घरी गेलं की तो फरक कोणाच्याच डोक्यात नसायचा. माझ्याही नाही. आत्याच्या परसात एका मोठ्या घमेल्यात चार बोटं पाणी भरलेलं असायचं आणि त्या पाण्यात पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं एक कासव बसलेलं असायचं. जन्मभर कोरड्या माळावर राहणारा प्राणी आणि आम्ही त्याला पाण्यात ठेवलेला! शेजारच्या कन्नड आजी यायच्या, "आमे, आमे" म्हणत त्याच्या पाठीला हात लावून नमस्कार करायच्या. आत्या रोज हळदकुंकू वाहायची. नाव होतं लक्ष्मी.

ही लक्ष्मी २०१४ साली एका जत्रेतून आली. विकणाऱ्याने सांगितलं, घरात ठेवा, पैसा टिकतो. पैसा किती टिकला ते मामांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, विचारा. लक्ष्मी मात्र टिकली. काकडी, टोमॅटो, पोळीचा तुकडा, कधी दूधभात, असं काहीही खाऊन ती दहा वर्षं जगली. आणि "कासवाला काय होतंय, दगडासारखं असतंय ते" या वाक्यावर सगळ्यांचा विश्वास बसला.

मित्रांनो, मी आज याच वाक्याविरुद्ध लिहिणार आहे. आणि त्याआधी मी स्वतः काय घोळ घातला तेही सांगणार आहे, कारण तो घोळ इंजिनिअरिंगचा आहे आणि आपल्यापैकी कोणीही तो घालू शकतो.

माझा पहिला यशस्वी प्रोजेक्ट

डिसेंबरात परीक्षा संपल्यावर मी अक्कलकोटला गेले होते. आपल्या जिल्ह्यात उन्हाळा ४२-४३ अंशांच्या पार जातो, म्हणून थंडीकडे कोणी गांभीर्याने बघत नाही. पण डिसेंबरच्या रात्री शहाबादी फरशीवर अनवाणी चालून बघा! लक्ष्मी आठवडाभर काही खात नव्हती. डोळे मिटून कोपऱ्यात बसायची. आत्या म्हणाली, "तू इंजिनिअर होणार ना? मग हिला जरा ऊब करून दे की."

एवढं म्हटल्यावर कोण थांबतं? फळवाल्याकडून लाकडी पेटी आणली. माळ्यावर जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब सापडला. सोलापुरातून अडीचशे रुपयांचं डिजिटल थर्मोस्टॅटचं सर्किट आणलं. वायरच्या टोकाला सेन्सर, तापमान ३० अंशांच्या खाली गेलं की रिले बल्ब लावणार, ३२ झालं की बंद करणार. लॅबमध्ये शिकलेलं ऑन-ऑफ कंट्रोल, दोन अंशांचा हिस्टेरेसिस, सगळं कसं पुस्तकातल्यासारखं. संध्याकाळी दोन तास बघत बसले. बल्ब लागतोय, विझतोय. आत्याने शेजारणींना बोलावून दाखवलं. मी खूश होऊन झोपले.

सकाळी पेटी उघडली तर नख जळल्यासारखा वास. रात्री लक्ष्मी हलली, तिच्या पायात सेन्सरची वायर अडकली आणि सेन्सर पेटीच्या फटीतून बाहेर येऊन थंड फरशीवर पडला. आता सर्किटच्या दृष्टीने तापमान १८ अंश. मग काय, रिले चिकटली ती रात्रभर! सर्किट अगदी बरोबर चाललं होतं. ते बिचारं फरशी गरम करण्याचा प्रयत्न करत होतं. पेटी एवढी लहान होती की लक्ष्मीला बल्बपासून लांब जायला जागाच नव्हती. पाठीवरचा मधला एक खवला पांढरट पडला होता आणि त्याची एक कड उचलली गेली होती.

आपल्या घरच्या गीझरमध्ये थर्मोस्टॅट असतो आणि तो बिघडला तर वीज तोडणारा वेगळा कटआऊटही असतो. पाण्यासाठी एवढी काळजी. मी एका जिवंत प्राण्याच्या पेटीत ती घेतली नव्हती. व्हायव्हामध्ये कोणी विचारलं असतं की सेन्सर निसटला तर काय, तर मी उत्तर दिलं असतं. पण स्वतःला विचारलं नाही.

पाठीवरचं घर नव्हे, पाठच

आम्ही तिला सोलापूरला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. मी आधीच रडवेली झाले होते. डॉक्टरांनी ती उलटी करून पोट बघितलं आणि म्हणाले, "ही लक्ष्मी नाही, नर आहे." नराचं पोट आत दबलेलं असतं आणि शेपटी लांब असते म्हणे. आत्या बघतच राहिली. दहा वर्षं हळदकुंकू वाहिलं आणि लक्ष्मीचा नारायण निघाला!

हसू येण्यासारखी गोष्ट तेवढीच. पुढे त्यांनी जे सांगितलं आणि नंतर मी जे वाचलं, त्याने माझी झोप उडाली.

आपण समजतो की कासवाची पाठ म्हणजे गोगलगाईच्या शंखासारखं काहीतरी, आत कासव वेगळं आणि वर घर वेगळं. तसं मुळीच नाही. ती पाठ म्हणजे त्याच्या बरगड्या आणि मणके, पसरून एकमेकांना जोडलेले. वरची ढाल आणि खालची ढाल मिळून साधारण पन्नास-साठ हाडं असतात. त्यावर केराटिनचे खवले, म्हणजे आपली नखं ज्या द्रव्याची असतात त्याचेच. या हाडांत रक्त खेळतं, मज्जातंतू असतात. पाठीवर बोट फिरवलं तर कासवाला कळतं. चटका बसला तर दुखतं. फक्त ते ओरडत नाही.

त्यामुळे पाठीला भोक पाडून दोरी बांधणं म्हणजे जिवंत हाडाला भोक पाडणं. पाठीवर ऑइलपेंटने नाव लिहिणं, चकाकी यावी म्हणून खोबरेल चोपडणं, रोज हळदकुंकवाचे थर देणं, यातलं काहीही त्याच्या भल्याचं नाही. सतत ओल्या जागेत ठेवलं तर खवल्यांखाली बुरशी आणि जंतू शिरतात, पाठ मऊ पडते, घाण वास येतो, खड्डे पडतात. आमच्या घमेल्यात हेच चालू होतं. पोटाकडच्या ढालीवर एक लालसर मऊ डाग होता, तो दहा वर्षांत आम्ही कधी उलटं करून बघितलाच नव्हता.

कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयात अद्वैत नावाचं अल्दाब्रा जातीचं राक्षसी कासव होतं. ते रॉबर्ट क्लाइव्हचं होतं आणि वय अडीचशेच्या आसपास होतं असं सांगतात. २००६ च्या मार्चमध्ये ते गेलं. त्याआधी काही महिने त्याच्या पाठीला तडा गेला होता आणि तड्याखाली जखम झाली होती. "दगडासारखं असतंय" म्हणणाऱ्यांनी हे एक उदाहरण लक्षात ठेवावं.

लक्ष्मीच्या पाठीवरचे खवले पिरॅमिडसारखे उंच उंच वाढलेले होते. आम्हाला ते सुंदर वाटायचं. चांदणी कासवाच्या पाठीवर थोडे उंचवटे मुळातच असतात, पण एवढे नाही. या विकृतीला पिरॅमिडिंग म्हणतात. आधी लोक म्हणायचे की जास्त प्रथिनं खाल्ली की असं होतं. २००३ मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी आफ्रिकन कासवांच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं की प्रथिनांपेक्षा हवेच्या कोरडेपणाचा परिणाम बराच जास्त होतो. म्हणजे वाढीच्या वयात हवा फार कोरडी असेल तर पाठ वेडीवाकडी वाढते. गंमत बघा, आमचं कासव पाण्यात बसूनही या त्रासातून सुटलं नव्हतं. पोट कायम ओलं, पाठ सोलापुरी वाऱ्याने वाळलेली, आणि खायला पोळी!

ऊन म्हणजे नुसती उष्णता नव्हे

आता हीटिंगबद्दल. कासवाचं शरीर आपल्यासारखी उष्णता तयार करून ठेवत नाही. त्याला ती बाहेरून घ्यावी लागते. पचन, प्रतिकारशक्ती, हालचाल, सगळं त्या उष्णतेवर अवलंबून. म्हणून ते सकाळी उन्हात येतं, तापलं की सावलीत जातं. त्याचा थर्मोस्टॅट म्हणजे त्याचे चार पाय. मी त्याला एवढ्याशा पेटीत कोंडून तोच काढून घेतला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रकाश. पिवळ्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेत जाते, प्रकाशात थोडीच. पण उन्हातला जो भाग कासवाला सगळ्यात जास्त लागतो तो त्यात नसतोच. २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण कातडीवर पडले की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडांत जातं. नाहीतर शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतं, आणि कासवाची हाडं म्हणजे त्याची पाठ! मग पाठ मऊ होते, दबली तर दबते. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही, कारण साधी काच हे किरण अडवते. एलईडी दिव्याने तर धड ऊबही मिळत नाही.

ज्यांच्याकडे कायदेशीररीत्या पाळलेलं परदेशी जमिनीवरचं कासव आहे, त्यांच्यासाठी मला कळलेले मुद्दे थोडक्यात लिहिते.

एक, मोठी जागा द्या. एका टोकाला ३२ ते ३५ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ च्या आसपास ठेवा. कुठे बसायचं ते त्याला ठरवू द्या.

दोन, उष्णता वरून द्या, जशी सूर्याची येते. खालून तापणारे दगड किंवा पॅड नकोत, पोट भाजेपर्यंत ते हलत नाही. आणि दिव्याचं अंतर अर्धं केलं की तीव्रता जवळजवळ चौपट होते, हे आपल्याला बारावीपासून माहीत आहे. तेव्हा दिवा साखळीला घट्ट टांगा, क्लिपवर विसंबू नका.

तीन, तापमान पेटीच्या भिंतीवर मोजू नका, कासवाच्या पाठीच्या उंचीवर मोजा. सेन्सर पक्का बसवा आणि थर्मोस्टॅटशिवाय वेगळा थर्मल कटआऊट लावा. हे मी कशावरून सांगते ते वर आलंच आहे.

चार, रोज थोडं थेट ऊन द्या, पण सावली जवळ हवी. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याखाली किंवा बंद गाडीत ठेवलेलं कासव थोड्या वेळात मरू शकतं. सोलापूर जिल्ह्यात वर्षातले बरेच महिने प्रश्न थंडीपेक्षा उन्हाचाच आहे.

पाच, पोळी-भात बंद. गवत, जास्वंदीची पानं-फुलं, निवडुंगाचे फड, शेवग्याचा पाला द्या. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, त्यात भरपूर कॅल्शियम असतं.

आपल्याकडे जुनी समजूत आहे की कासवी नुसत्या नजरेने पिल्लांना पोसते. कल्पना फार सुंदर आहे. पण खरी कासवी अंडी मातीत पुरून निघून जाते, पिल्लांची आणि तिची भेटही होत नाही. नजरेने काही होत नाही, चारा-पाणी-ऊनच लागतं.

पण मग बल्ब कशाला?

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, चला, आता व्यवस्थित पेटी बनवू. मीही तेच म्हणत होते. डॉक्टरांकडे बसल्या बसल्या मी डोक्यात दुसरं डिझाईन करत होते, दोन सेन्सर, कटआऊट, मोठी पेटी. डॉक्टरांनी औषध लावलं, मलम दिलं, आणि शांतपणे म्हणाले, "हे तुम्हाला घरी ठेवता येत नाही, माहीत आहे ना?"

माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

चांदणी कासव म्हणजे इंडियन स्टार टॉरटॉईज. ते गुजरात-राजस्थानच्या बाजूला, दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत सापडतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते पाळणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने त्याला पहिल्या अनुसूचीत घातलं, म्हणजे वाघाच्या पंगतीत. शिक्षा तीन ते सात वर्षं. २०१९ साली आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारातही ते पहिल्या परिशिष्टात गेलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे भारतातल्या एकाच व्यापारी केंद्रातून वर्षाला निदान ५५,००० चांदणी कासवं माळावरून उचलली जात होती. २०१८ च्या नोव्हेंबरात सिंगापूरमध्ये पकडलेली ५१ कासवं विमानाने बंगळूरला परत आणली, त्याच्या बातम्या आल्या होत्या. एकावन्न परत आली. पंचावन्न हजारांपुढे एकावन्न!

मग माझ्या लक्षात आलं की मी सगळा वेळ चुकीचा प्रश्न सोडवत होते. कासवाला ऊब कशी द्यायची हा प्रश्नच नव्हता. त्याच्या माळावर ऊन फुकट होतं, सावली फुकट होती, गवत फुकट होतं, पावसाळ्यातली दमट हवा फुकट होती. आपण ते सगळं काढून घेतलं आणि मग ६० वॅटचा बल्ब लावून त्याच्यावर उपकार केले. आपल्या शाखेत अशी खोड फार आहे. आधी अडचण तयार करायची, मग तिच्यावर सर्किट बसवायचं आणि प्रोजेक्टला मार्क मिळवायचे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. देशी कासव घरात ठेवूच नये, कितीही चांगली पेटी बनवली तरी. आणि ज्यांच्या घरात आहे त्यांनी ते वनखात्याकडे द्यावं.

सांगणं सोपं

हे वाक्य लिहायला सोपं आहे. आत्याला सांगायला फार अवघड गेलं. तिचं पहिलं वाक्य होतं, "म्हणजे दहा वर्षं मी हिला छळलं काय?" मला उत्तर सुचलं नाही. दुसरं वाक्य मामांचं, "आणि आत टाकलं तर? तीन वर्षं म्हणते ना तू?"

त्या रात्री घरात बरीच चर्चा झाली. एका शेजाऱ्यांनी सल्ला दिला, "कशाला फोन करताय? रात्री कुरनूर धरणाच्या काठाला सोडून द्या, विषय संपला." सगळ्यांना हा उपाय पटत होता. जखमी, मऊ पाठीचं, दहा वर्षं आयतं खाल्लेलं, पाण्यात न जगणारं कासव धरणाच्या काठाला सोडायचं! याला मुक्त करणं म्हणतात?

शेवटी माझ्या हट्टाने १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर फोन केला. माणसं आली, नोंद केली, डॉक्टरांचा कागद बघितला आणि कासव घेऊन गेली. आम्हाला कोणी आत टाकलं नाही. पण ते येईपर्यंत मामांच्या चेहऱ्यावर जी भीती मी बघितली ती विसरणार नाही. आणि मला खात्री आहे की त्या भीतीपायी आपल्या जिल्ह्यात कितीतरी घरं फोन न करता कासव घमेल्यातच ठेवत असतील. डॉक्टरकडेसुद्धा नेत नसतील. म्हणजे ज्याच्या संरक्षणासाठी कायदा केला, त्या प्राण्याचं औषधपाणी कायद्याच्याच धाकाने बंद!

इथे सरकारकडे माझी एक मागणी आहे. २००३ साली केंद्र सरकारने लोकांच्या घरातली जुनी कातडी, शिंगं जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली होती. २०२० च्या जूनमध्ये परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना सहा महिने दिले, कागदपत्रं न मागता नोंद करा म्हणून. २०२२ च्या दुरुस्तीत मालकीचं प्रमाणपत्र असणाऱ्यांना प्राणी परत करायची सोय केली. मग ज्यांनी जत्रेत अज्ञानाने एखादं देशी कासव घेतलं, ज्यांच्याकडे प्रमाणपत्र कधी नव्हतंच, त्यांच्यासाठी एकदाच सहा महिन्यांची मुदत का नको? "आणून द्या, केस होणार नाही", एवढं स्पष्ट लिहून द्या. गावागावात मराठीत आणि आमच्या सीमेवर कन्नडमध्येही बोर्ड लावा.

यावर आक्षेप येईल की चोरटे विक्रेते याचा फायदा घेतील. मुद्दा बरोबर आहे. म्हणून मुदत एकदाच, एका घराला एक-दोन कासवांपुरतीच, आणि फक्त परत देण्यासाठी हवी. पैसे मिळणार नाहीत, ठेवायचा परवाना मिळणार नाही. मग विक्रेत्याला त्यात काय मिळणार? दुसरा आक्षेप असा की एवढी कासवं ठेवायची कुठे? हा जास्त खरा प्रश्न आहे. आजारी कासव एकदम माळावर सोडता येत नाही, घरातले रोग रानातल्या कासवांना लागू शकतात, आणि ते मुळात कुठल्या भागातलं हेही बघावं लागतं. त्यासाठी जागा, डॉक्टर, पैसा लागणार. पण ती कासवं आत्ता घमेल्यांत आहेतच. ती दिसत नाहीत म्हणून प्रश्न नाही, असं होत नाही.

आणि आपल्या हॉस्टेलवर

हे सगळं अक्कलकोटच्या आत्यांबद्दल आहे, आपला काय संबंध, असं वाटत असेल तर जरा आपल्याच हॉस्टेलच्या खोल्यांत डोकावून या. काचेच्या भांड्यात रुपयाएवढी दोन हिरवी कासवं, कानामागे लाल पट्टा. रेड-इअर्ड स्लायडर. अमेरिकन जात, आपल्याकडे सर्रास विकतात. ते पाण्यातलं कासव आहे, त्याला पाणी हवंच, पण पाण्याबाहेर बसून वाळायला दगड आणि वरून ऊनही हवं. ते त्या भांड्यात कधीच नसतं. पाठ मऊ पडून बरीच मरतात, आणि आपण म्हणतो, "वाचलं नाही यार."

जे वाचतं ते वाढतं. पंचवीस-तीस सेंटिमीटर होतं, वीस-तीस वर्षं जगतं. आपली डिग्री चार वर्षांची. मग फायनल इयरला ते कुठे जातं? तलावात! ही जात जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परकीय जीवांच्या यादीत आहे. युरोपियन युनियनने तिची आयात १९९७ मध्येच बंद केली. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात म्हणून अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासव विकायला बंदी आहे. आणि आपण त्यांना हात लावून तसेच मेसमध्ये जातो.

तेव्हा ज्यांच्याकडे आहेत त्यांनी तलावात सोडू नका. मोठी टाकी घ्या, बसायला जागा द्या, थेट ऊन द्या. पाण्यात हीटर घालणार असाल तर त्याला जाळीचं कव्हर लावा, पाणी बदलताना आधी प्लग काढा, नाहीतर गरम काच तडकते, आणि सर्किटवर अर्थ लीकेजला ट्रिप होणारा ब्रेकर असू द्या. आणि नवीन घेऊ नका. दुकानदार आणतो कारण आपण घेतो.

पुढच्या टेक्निकल फेस्टला मी एक प्रोजेक्ट मांडणार आहे. सेन्सर निसटला, तुटला किंवा दहा मिनिटं हीटर चालू राहूनही रीडिंग वाढलं नाही तर वीज तोडणारं सर्किट. जखमी सापांपासून कासवांपर्यंत ज्यांना थंडीत ऊब लागते अशा प्राण्यांवर उपचार करणाऱ्या केंद्रांना ते उपयोगी पडावं, एवढीच इच्छा आहे. कोणाला बरोबर यायचं असेल तर जरूर भेटा. अट एकच, घरी कासव ठेवायला ते मिळणार नाही.

आत्या महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. संक्रांतीला फोन केला तेव्हा म्हणाली, "ते घमेलं रिकामं बघवत नाही गं." मग थोड्या वेळाने विचारलं, "त्याची पाठ भरून आली असेल काय?" मी वनखात्यात चौकशी केली होती. जखम सुकतेय, खवला परत यायला बरेच महिने लागतील, असं उत्तर मिळालं होतं. तेच तिला सांगितलं.

"बघ," ती म्हणाली, "आणि आपण म्हणत होतो, दगडासारखं असतंय."